बॅकअपने दगा दिला म्हणे

मी या पाणीपुरवठा ऑफिसातला दुसरा सर्व्हर. पहिला म्हणजे मेन सर्व्हर. त्याला सगळे ओळखतात. तो अडला की अख्खं ऑफिस खोळंबतं, चहा मागवले जातात आणि खिडकीवरच्या लोकांना "सिस्टिम बंद आहे" असं तोंड वर करून सांगता येतं. मी अडलो तर कुणाच्या गावीही नसतं. मी बॅकअप सर्व्हर. पहिल्याचं काही बरंवाईट झालं तर उपयोगी पडणारा. अडीनडीला आठवणारा आणि एरवी लग्नाच्या आमंत्रणातून सुटणारा नातेवाईक घरोघरी असतो ना, तसा.

आज मी एका टेबलावर उघडा पडलोय. माझं झाकण काढलंय. माझ्या डिस्क बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्यात आणि शेजारी ड्रिल मशीन ठेवलंय. ते सुरू व्हायच्या आत मला माझी बाजू सांगायची आहे. चौकशीच्या अहवालात माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलं गेलंय, आणि ते वाक्य खोटं आहे.

माझा जन्म कुठल्या चकचकीत कारखान्यात झाला नाही. नवीन बॅकअप सर्व्हर हवा, असा अर्ज वर्षानुवर्षं वर जात होता आणि वरच राहत होता. शेवटी ऑफिसचे सर्व्हर सांभाळणाऱ्या भाऊजीने स्टोअरमधून एका बंद पडलेल्या मशीनचा सांगाडा उचलला, दुसऱ्याचा पंखा काढला, तिसऱ्याचा बोर्ड धुऊन-पुसून बसवला. डिस्क तेवढ्या नव्या घेतल्या. "बाकी कसंही चालेल, पण साठवायची जागा उसनी नको," तो म्हणाला होता. माझं पहिलं बटण त्यानेच दाबलं. पंखा फिरला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी टाळी वाजवली होती, एकट्यानेच.

भाऊजी हे काही त्याचं नाव नव्हे. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्याच्या थोरल्या भावाची बायको कामाला होती. ती त्याला भाऊजी म्हणायची, म्हणून शिपाई त्याला भाऊजी म्हणू लागला. मग टायपिस्ट, मग वॉचमन, आणि शेवटी त्याच्या वडिलांच्या वयाचे स्टोअरकीपरसुद्धा. बिचारा सगळ्या ऑफिसचा दीर झाला.

तिला ऑफिसात नमुनेबाई म्हणत. शहरातल्या नळांवरून पाण्याचे नमुने आणायचे आणि तपासायचे, हे तिचं काम. कुणी मुद्दाम खोचकपणे तसं म्हटलं की तीच आधी हसायची. "नमुने गोळा करते म्हणून नमुनेबाई. त्यासाठी बाहेर जावं लागतं एवढंच वाईट. ऑफिसात काय कमी आहेत?"

भाऊजी तिला वहिनी म्हणायचा. मीही मनातल्या मनात वहिनीच म्हणायचो.

वहिनी लग्न होऊन घरी आली तेव्हा भाऊजी शाळकरी पोर होता, आणि भाऊ गेला तेव्हा कॉलेजात. लोकांना वाटलं, वहिनी माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने नोकरी धरली, याचं शिक्षण पुरं केलं, याचं लग्न लावून दिलं, नव्या सुनेला घर नीट समजावून दिलं आणि मगच जवळच्या गल्लीत स्वतःसाठी एक खोली घेतली. हे मला कसं कळलं म्हणाल, तर सर्व्हरची खोली गार असते. उन्हाळ्यात जो तो काहीतरी निमित्त काढून इथे येऊन टेकतो आणि गारवा लागला की माणसं बोलती होतात. माझ्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही. यंत्राची भीड कोण बाळगतो?

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मेन सर्व्हरमध्ये डेटाबेस असतो. कुठला व्हॉल्व्ह कुणी उघडला, टाकीत पाणी किती, क्लोरीन किती सोडलं, कुठल्या नळाचा नमुना कसा निघाला, कुणी काय तक्रार केली, ते सगळं त्यात. रविवारी रात्री त्याची अख्खीच्या अख्खी प्रत माझ्याकडे यायची. पण एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत जग काही थांबत नाही. म्हणून मधल्या काळात जे जे बदलेल ते घडेल तसं, त्याच क्रमाने, दर पंधरा मिनिटांनी माझ्याकडे यायचं. त्याला लॉग म्हणतात. प्रत म्हणजे फोटो, आणि लॉग म्हणजे फोटोनंतर घडलेली गोष्ट.

मेन सर्व्हर बसला, तर आधी माझ्याकडची प्रत मांडायची. मग तिच्यावर एकेक लॉग चढवत जायचं. सगळे लॉग चढले की डेटाबेस बिघाडाच्या आधी होता तस्सा उभा राहतो. यात एक सोय आहे. माणूस सांगेल त्या क्षणाला थांबता येतं. समजा, सकाळी दहाला कुणाच्या हातून चुकून सगळ्या तक्रारी पुसल्या गेल्या, तर दहाच्या जरासं आधी थांबायचं. चुका निस्तरण्यासाठी केलेली सोय आहे ती. कुठे थांबायचं ते मला कळत नाही. ते माणसाने सांगायचं असतं.

भाऊजी या कामात फार काटेकोर होता. दर महिन्याला तो एका जुन्या मशीनवर माझ्याकडची प्रत उलगडून पाहायचा. "जो बॅकअप कधी उलगडून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे, मनाची समजूत," हे त्याचं वाक्य. त्या दिवशी वहिनी मुद्दाम खाली यायची. स्वतःच्या नोंदी शोधायची आणि सापडल्या की लहान मुलीसारखी खूश व्हायची.

"हे बघा, हा शाळेमागचा नळ. त्या दिवशी कुत्रं मागे लागलं होतं माझ्या. तेही आहे का हो तुमच्या लॉगमध्ये?"

"कुत्र्याने नोंद केली असेल तर असेल, वहिनी."

एका वर्षी छतातल्या एसीचं पाणी मेन सर्व्हरवर ठिबकलं आणि तो ठार झाला. ऑफिसात हलकल्लोळ माजला. भाऊजी मात्र शांत होता. नवीन मशीन येईपर्यंत जुनं मशीन जोडलं, माझी प्रत मांडली, एकामागून एक लॉग चढवले. शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंतचं सगळं परत आलं. तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "गड्या, अब्रू राखलीस." वहिनीने स्वतःच्या हातांनी माझ्यावरची धूळ पुसली. त्या एका दिवसाच्या जोरावर मी पुढची कितीतरी वर्षं विनातक्रार फिरत राहिलो.

मग शहराच्या दक्षिण भागाला पाणी नेणारी नवीन लाईन आली. साहेब, म्हणजे आमचे मुख्य अभियंता, त्या लाईनच्या मागे दोन वर्षं होते. घाईघाईने ती पुरी झाली. उद्घाटन झालं, भाषणं झाली, नळाखाली ओंजळ धरलेले पाहुण्यांचे फोटो झाले. साहेबांची बढती त्याच लाईनमधून वाहत येणार, असं स्टोअरकीपर म्हणायचे.

मंगळवारी दुपारी वहिनी खोलीत आली. हातात बाटल्यांची जाळी होती. एरवी ती आधी डबा पुढे करायची. त्या दिवशी डबा आणायलाच विसरली होती.

"भाऊजी, नवीन लाईनवरचे तिन्ही नमुने खराब आलेत. साधे खराब नाहीत. गटाराचं पाणी मिसळतंय कुठेतरी."

भाऊजी खुर्चीतून उठला. "नक्की?"

"नळाच्या तोंडाला आच दाखवून, तिथले जंतू मारून मग घेतलेत मी. बाटलीची चूक नाही, नळाची चूक नाही. नोंद केली, शेरा टाकलाय, पुरवठा ताबडतोब बंद करावा. साहेबांच्या स्क्रीनवर गेलंय. त्यांनी पाहिलंही."

अशी नोंद साहेबांच्या स्क्रीनवर लाल दिसते. 'पाहिले' हे बटण दाबलं की निळी होते. ते बटण कुणी दाबलं, केव्हा दाबलं, हेसुद्धा डेटाबेसमध्ये जातं. वहिनीने वर बसून लाल ओळ निळी होताना पाहिली होती.

"मग करतील ना बंद," भाऊजी म्हणाला.

"व्हॉल्व्हवाल्याला फोन केला. म्हणे वरून काही निरोप नाही. साहेबांना केला, तर ते बैठकीत. त्यांच्या पीएला दोनदा सांगितलं." तिने बाटल्यांची जाळी खाली ठेवली. "लिहिलेलं राहतं ना हो?"

भाऊजीने माझ्यावर हात ठेवला. "वहिनी, हा आहे तोवर एक अक्षर जात नाही."

थोड्या वेळाने तो लॉग माझ्याकडे आला. तिची नोंद त्यात होती, तिचा शेरा होता, आणि साहेबांनी बटण दाबल्याची ओळही होती. मी तो इतर लॉगसारखाच ठेवला. माझ्या लेखी सगळे सारखे.

पुरवठा बंद झाला नाही. का झाला नाही ते पुढे कळलं. उद्घाटन होऊन आठवडाही उलटला नव्हता. तेवढ्यात नळ कोरडे पडले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं. साहेबांनी क्लोरीन वाढवायला सांगितलं आणि वेळ निभावून नेऊ पाहिली. ती निभली नाही. गुरुवारपासून दक्षिण भागातली माणसं दवाखान्यात जाऊ लागली. शुक्रवारी वॉर्डात खाटा पुरेनात. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची धाकटी मुलगी गेली. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे कपडे त्याच्याकडे असायचे. ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टाटा करायची, असं शिपाई सांगत होता. सांगता सांगता त्याने एसीकडे तोंड फिरवलं.

त्याच दिवशी चौकशी जाहीर झाली. आणि त्याच दिवशी साहेब आयुष्यात पहिल्यांदा सर्व्हरच्या खोलीत आले.

त्यांनी दार लावून घेतलं. इकडेतिकडे पाहिलं. मला पाहून म्हणाले, "हाच का तो?"

"हो सर. बॅकअप."

"जुना दिसतो."

"जुना आहे, पण भरवशाचा आहे, सर."

साहेब खुर्चीत बसले. आवाज अगदी मऊ, घरी आलेल्या पाहुण्यासारखा. "मेन सर्व्हरची डिस्क जाऊ शकते ना हो? मागे एकदा गेली होती."

"जाऊ शकते."

"गेली तर तुम्ही परत आणता. कुठवरचं आणता येतं?"

"शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंतचं, सर. हक्काने."

"आणि त्याच्या आधी थांबायचं असेल तर? समजा, मंगळवार सकाळ."

भाऊजी माझ्या झाकणावरची नसलेली धूळ पुसू लागला. 

"येतं की नाही?"

"...येतं."

"मग झालं तर." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नऊ वर्षं कंत्राटावर आहात तुम्ही. कायम करायचं प्रकरण माझ्यासमोर आहे, मी अडवलेलं नाही. आणि हे बघा, त्या मुलीचं मलाही वाईट वाटतं. पण आता ती परत येणार आहे का? माणसं गेली की गेली, निदान ऑफिस तरी वाचवू."

"सर, नोंद माझ्या वहिनीची आहे."

"तुमच्या वहिनीच्या केसालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे."

मला वाटलं, भाऊजी आता उठेल. दार उघडेल. म्हणेल, या सर. मी त्याला ओळखत होतो. निदान मला तसं वाटत होतं.

रविवारी दुपारी ऑफिस बंद असताना तो एकटा आला. खोलीतला दिवा न लावता स्क्रीनच्या उजेडातच बसला. त्याने मेन सर्व्हरची धडधाकट डिस्क ओढून बाहेर काढली, ड्रिलने तिला भोक पाडलं आणि तिच्या जागी कोरी बसवली. माझ्याकडची मागच्या रविवारची प्रत मांडली. एकेक लॉग चढवू लागला. सोमवारचे चढले. मंगळवार उजाडला. वहिनीच्या नोंदीच्या पुष्कळ आधी, सकाळीच, त्याने मला थांबवलं.

तो इतक्यावर थांबला असता, तरी मी स्वतःची समजूत घातली असती. लॉग माझ्याकडे होतेच. आज नाही तर उद्या कुणीतरी ते चढवलेच असते. पण मग त्याने मंगळवार सकाळनंतरचे सगळे लॉग निवडले आणि पुसायचा हुकूम दिला.

मला माणसाला एकच प्रश्न विचारता येतो. तो मी विचारला. स्क्रीनवर लिहिलं: 'हे पुन्हा मिळवता येणार नाही. खात्री आहे का?'

त्याने ती ओळ वाचली. मग त्याने बटण दाबलं.

तेवढ्यासाठी त्याने मला घडवलं होतं का? काही जाऊ नये म्हणून ज्याने मला उभं केलं, त्यानेच माझ्या हातून घालवलं. तेही चोरासारखं कुलूप फोडून नव्हे. माझी प्रत्येक किल्ली त्याच्याकडेच होती. बाहेरच्याने घाव घातला असता तर मी ओरडलो असतो, लाल दिवा लावला असता. पण हुकूम घरच्याचा होता आणि रीतसर होता. मी हिरवा दिवा लावून 'काम पूर्ण' असं लिहिलं. नाइलाज होता; दुसरं काही लिहायला मला शिकवलेलंच नाही.

सोमवारी सकाळी वहिनी धावत खाली आली. चेहऱ्यावर काळजी होती, पण संशय नावालाही नव्हता.

"भाऊजी, डिस्क गेली म्हणे? अहो, माझी मंगळवारची नोंद दिसत नाही. तेवढी आधी आणा हं. उद्या चौकशीवाल्या मॅडम येताहेत."

"बघतो, वहिनी."

"मी परत टाकली असती, पण तारीख आजची पडणार. म्हणतील, माणसं आजारी पडल्यावर लिहिलं."

"बघतो म्हटलं ना."

ती चरकली. त्याने असं तोडून बोलणं तिला सवयीचं नव्हतं. तरी जाताना म्हणाली, "जेवून घ्या आधी. डोळे बघा कसे झालेत." आणि डबा ठेवून गेली. तो डबा त्या दिवशी उघडला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी खाली आल्या. सोबत साहेब, मागे वहिनी. मॅडमनी शांतपणे विचारलं, "या म्हणतात की त्यांनी मंगळवारीच कळवलं होतं. नोंद कुठे आहे?"

"कागदावर काही?" साहेबांनी मध्येच विचारलं.

"कागद तुम्हीच बंद करायला लावलेत, सर," वहिनी म्हणाली. "सगळं सिस्टिममध्येच टाका म्हणालात." मग ती भाऊजीकडे वळली. अगदी हक्काने, घरातल्या माणसाकडे वळावं तशी. "भाऊजी, तुम्हीच सांगा ना मॅडमना. लॉग असतात की नाही? पंधरा पंधरा मिनिटांचे. मागे एसीचं पाणी पडलं तेव्हा तुम्ही सगळं परत आणलं होतंत."

सगळे भाऊजीकडे बघू लागले. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. माझ्याकडे बोट केलं.

"बॅकअपनेच दगा दिला, मॅडम. मंगळवार सकाळनंतरचे लॉग खराब निघाले. जुनं मशीन आहे."

पुसल्याचं दुःख एका बाजूला, पण हे ऐकून मी आतून हललो. इतकी वर्षं त्याने माझ्यावरून फडकं फिरवलं, माझा पंखा कुरकुरला तर त्याला झोप लागत नसे, आणि आज सगळ्यांसमोर त्याने त्याचं पाप माझ्या नावावर केलं. मला तोंड नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वहिनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण याला तिने लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. हा खोटं बोलताना कुठे बघतो, ते तिला ठाऊक असणारच. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" ती एवढंच म्हणाली, "मी मंगळवारी नोंद केली होती. साहेबांनी ती पाहिली होती. याउपर मला काही सांगायचं नाही."

तिला सांगता आलं असतं, याच्यावर माझा विश्वास नाही, याला विचारा, याची झडती घ्या. तिने घरच्या माणसाचं नाव घेतलं नाही.

साहेबांच्या शब्दाचं म्हणाल तर तो आठवडाभरही टिकला नाही. 'तपासणीत हलगर्जी, वरिष्ठांना वेळेवर कळवले नाही' असा ठपका ठेवून वहिनीला निलंबित केलं. बातमी कळल्यावर भाऊजी तडक साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. शिपायाने विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "काही नाही. बैठकीत आहेत."

प्रयोगशाळेच्या किल्ल्या जमा करून वहिनी शेवटची खाली आली. दारातच उभी राहिली. गारव्यात आली नाही.

"एकच विचारते. डिस्क खरंच गेली होती?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांगा."

"हो, वहिनी."

तिने मान हलवली. पदराने कपाळ पुसलं. "बरं. त्या मुलीच्या आईला मी जाऊन भेटले. तिने मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का हो? मी हो म्हटलं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं होतं. तिला ते खरं वाटलं की नाही, देव जाणे." मग ती जायला वळली आणि म्हणाली, "येते, साहेब."

भाऊजी असं नाही. साहेब. तिने तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी त्याला इतकं लागलं नसतं. तेव्हापासून शिपायाने किंवा वॉचमनने "ओ भाऊजी" म्हणून हाक मारली की तो दचकायचा. पण एकदा पडलेलं नाव ऑफिसात सुटत नाही. हाक येतच राहिली.

वहिनी घरी बसली नाही. हे मी इलेक्ट्रिशियनच्या तोंडून ऐकलं. ती स्वतःच्या बाटल्या घेऊन दक्षिण भागात दारोदार गेली, नमुने घेतले आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. जागोजागचे निकाल जुळवून तिने रस्त्यावरची एक जागा दाखवली. लोकांनी तिथे ठाण मांडलं, तेव्हा कुठे खोदकामाचं यंत्र आलं. रस्ता उघडला, तर नवीन लाईनचा सांधा थेट गटाराखाली, आणि त्याला भोवताली संरक्षणाचं कवचच घातलेलं नव्हतं. सांधा बदलला. पाणी स्वच्छ झालं. लोकांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला.

पण नोकरी परत मिळाली नाही. सांधा सापडला, त्याने लाईन खराब होती एवढंच सिद्ध झालं. तिच्या फोनांचं म्हणाल, तर पीए आणि व्हॉल्व्हवाला, दोघांनीही कानांवर हात ठेवले. तिने वेळेवर सांगितलं होतं, हे सिद्ध करणारं एकच ठिकाण जगात होतं, आणि ते मी होतो. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागी. ठेकेदारावर ठपका आला. इस्त्रीवाल्याने दुकान बंद केलं आणि तो कुठे गेला ते कुणाला माहीत नाही.

भाऊजी कायम झाला. पेढे वाटायला लोकांनी फार आग्रह केला; त्याने तब्येतीचं कारण सांगितलं.

अहवालात माझ्यासाठी एक ओळ होती: 'बॅकअप यंत्रणा विश्वासार्ह नसल्याने महत्त्वाच्या नोंदी नष्ट झाल्या.' त्यावरून नवीन यंत्रणा मंजूर झाली. वर्षानुवर्षं अडकलेला अर्ज पंधरवड्यात सुटला. काचेच्या दाराचं नवं कपाट आलं, त्यात निळे दिवे लुकलुकू लागले आणि मला निकामी ठरवून या दुरुस्तीच्या खोलीत आणलं. जुन्या डिस्कमधली माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांना भोक पाडतात. ते काम भाऊजीने मागून घेतलं.

आत्ताच काही वेळापूर्वी तो आला. डिस्क काढल्या, मांडल्या. ड्रिलला बिट बसवलं. मग स्टूल ओढून बसला आणि माझ्याशी बोलू लागला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता.

"गड्या, तू खराब नव्हतास," तो म्हणाला. "एकही लॉग खराब नव्हता. मी पुसले. वहिनीने मला वाढवलं आणि मी तिचंच अक्षर पुसलं. घरी बायकोलाही सांगितलं नाही. वहिनीच्या गल्लीतून जात नाही, लांबून वळसा घालतो. रात्री डोळा लागत नाही. तुला कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतोय. माफ कर मला."

तो रडला. खूप रडला. मग रुमालाने तोंड पुसलं आणि त्याला जरा हलकं वाटलेलं दिसलं. मला मात्र अहवालातल्या त्या ओळीपेक्षा हे अधिक लागलं. खोटं बोलायला त्याने मला वापरलं, आणि आता खरं बोलून मोकळं व्हायलाही मलाच वापरलं. पहिल्या वेळी मला तोंड नव्हतं म्हणून. या वेळी थोड्याच वेळात मी नसेन म्हणून. ही माफी नव्हे. हीसुद्धा पुसापुसीच.

तुम्ही जे कुणी हे ऐकत असाल, तुमच्याही घरात, ऑफिसात माझ्यासारखे मुके असतील. आमच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. आम्ही तुमच्या हातातलेच. फक्त तुमचं केलेलं आमच्या नावावर घालू नका. आणि माफी मागायचीच असेल, तर जिचं नुकसान केलं तिच्या दारात जाऊन मागा.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "भाऊजी, झालं का?"

"झालंच," तो म्हणाला, आणि त्याने ड्रिल उचललं.

वहिनीची खोली इथून दोनच गल्ल्या पलीकडे आहे. जितका वेळ तो माझ्याशी बोलत बसला, तितक्यात चालत जाऊन पोचला असता.